घराणं कोणतं तुमचं?

मास कॉम केलेली पोरगी घरात असली की तिच्याकडं कुठली कुठली कामं येतात, हे मास कॉमच्या सिलॅबसमध्ये शिकवत नाहीत. लग्नपत्रिकेचा मजकूर, पुतण्याच्या बारशाचा मेसेज, काकांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. ‘तू पेपरात लिहितेस ना, मग दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणतात आणि फोन ठेवून देतात. मागच्या महिन्यात मोडनिंबहून मामांचा फोन आला. या वेळी काम होतं पिंकीच्या बायोडेटाचं.

पिंकी माझी मामेबहीण. बीई कॉम्प्युटर, हिंजवडीत चार वर्षं नोकरी, स्वतःच्या पैशानं घेतलेली टू-व्हीलर आणि ऑनसाइटची एक संधी हुकल्याचं दुःख. आणि मोडनिंब म्हणजे माझं आजोळ. पुणे-सोलापूर हायवेनं गेला असाल तर तुम्ही ते पाहिलंय, फक्त लक्षात नसेल. इंदापूर, टेंभुर्णी, वरवड्याचा टोलनाका, आणि सुटे पैसे पाकिटात ठेवेपर्यंत मोडनिंब मागं गेलेलं असतं. तालुका माढा, जिल्हा सोलापूर.

मामांनी बायोडेटा जवळजवळ तयारच ठेवला होता. वर श्री गणेशाय नमः, मग नाव, जन्मवेळ, उंची, रक्तगट, शिक्षण, पॅकेज. त्यानंतर तो कॉलम, ज्यावरून लग्नं जमतात आणि मोडतात : ‘नातेसंबंध’. त्यात सात आडनावं ओळीनं मांडलेली आणि पहिलं आडनाव होतं ‘निंबाळकर’.

‘मामा, निंबाळकर कधीपासून आपले?’

‘लांबची सोयरीक आहे गं. तू फक्त घराण्याबद्दल वजनदार दोन ओळी टाक. समोरची पार्टी मोठी आहे.’

मागून आजीचा आवाज आला, ‘किती लांबची ते पण इचार त्याला.’

पिंकीनं त्याच रात्री मला मेसेज केला. ‘दीदी, माझं डेसिग्नेशन एका ओळीत आणि निंबाळकर पहिल्या नंबरावर. लग्न त्यांचं आहे का माझं?’

आता मला लहानपणी खरंच वाटायचं की निंबाळकर आमचेच. मोडनिंबमध्ये निंब आहे, निंबाळकरांतही निंब आहे, मग झालंच की! बाराव्या वर्षी या लॉजिकवर माझा पूर्ण विश्वास होता. मामांचा पन्नाशीतही आहे. म्हटलं, एकदाचं बघूच हे घराणं घराणं म्हणजे काय असतं. शनिवारी फलटण आणि रविवारी मोडनिंब असा वीकएंड ठरवला.

आपले स्पेन्सर

तुम्ही ‘डाउन्टन अ‍ॅबी’ बघितली असेल तर इंग्लिश घराणी तुम्हाला घरच्यासारखी माहीत असतील. त्यातलं खरंखुरं उदाहरण घ्यायचं तर स्पेन्सर. मेंढ्यांच्या व्यापारात पैसा केला, १५०८ साली ऑल्थॉर्पची जमीन घेतली, मग सरदारकी आली. याच घराण्याच्या एका फांदीवर विन्स्टन चर्चिल निघाले आणि दुसरीवर डायना. १९८१ मध्ये तिचं लग्न राजपुत्राशी झालं आणि अख्ख्या जगाला स्पेन्सर हे नाव पाठ झालं. म्हणजे पाचशे वर्षं पुरुषांनी जमीन सांभाळली आणि नाव गाजलं ते मुलीमुळं.

आपल्याकडं असं घराणं शोधायला लंडनला जायला नको. पुण्याहून जेजुरी, नीरा, लोणंद करत फलटणला पोचलात की झालं. नाईक-निंबाळकर. स्पेन्सरांपेक्षा जुने. त्यांचं मूळ आडनाव पवार. गॅझेटिअरमधल्या हकीकतीप्रमाणं त्यांचा पूर्वज जगदेव दिल्लीच्या बादशहाच्या चाकरीत होता, १३२७ साली लढाईत पडला आणि त्याचा मुलगा निंबराज याला जहागीर आणि ‘नाईक’ हा किताब मिळाला. १३२७, म्हणजे तुघलकाचा जमाना. दिल्लीची राजधानी दौलताबादला हलवायची धांदल चालली होती, त्या दिवसांतलं हे अपॉइंटमेंट लेटर.

आणि निंबाळकर हे आडनाव? ते आलं निंबळकवरून. हे गाव फलटणच्या जवळ आहे. मोडनिंबचा काहीएक संबंध नाही. माझं बालपण तिथंच, गावाच्या पाटीखाली संपलं.

फलटणचा राजवाडा तुम्ही पाहिलेला आहे, पाहिला नसेल असं वाटत असलं तरी. सिनेमात आणि मालिकांत कुणाचा ना कुणाचा वाडा म्हणून तो येतच असतो. ‘मुधोजी मनमोहन राजवाडा’ असं त्याचं नाव. शेजारी राम मंदिर. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना याच गावात मुक्काम करते. महानुभाव पंथाचंही हे मोठं ठिकाण, कारण चक्रपाणी प्रभूंचा जन्म इथला. मी लाकडी खांबांकडं बघत उभी होते आणि डोक्यात एकच प्रश्न होता. सुलतान गेले, बादशहा गेले, पेशवे गेले, इंग्रज गेले. हे नाव कसं टिकलं?

मुलगी दिली

शौर्यामुळं, असं पटकन उत्तर येतं. शौर्य होतंच. सोळाव्या शतकातल्या वणंगपाळ निंबाळकरांची ख्याती ‘बारा वजिरांचा काळ’ अशी होती. पण नुसत्या शौर्यावर टिकायचं तर तेव्हाच्या दख्खनमधली निम्मी घराणी टिकायला हवी होती. निंबाळकरांकडं आणखी एक गोष्ट होती. त्यांच्या मुली.

वेरूळचे मालोजी भोसले निजामशाहीत नाव कमावत होते, तेव्हा त्यांना सोयरीक मिळाली ती फलटणची. दीपाबाई, ज्यांना उमाबाईही म्हणतात, निंबाळकरांची लेक. त्यांचा मुलगा शहाजीराजे. म्हणजे शिवाजी महाराजांची आजी निंबाळकरांची.

पुढची सोयरीक तुम्हाला माहीत आहे. १६४० मध्ये पुण्यात शिवाजीराजांचं पहिलं लग्न झालं, ते मुधोजीराव नाईक-निंबाळकरांच्या मुलीशी, सईबाईंशी. दोघंही लहान. म्हणजे बायकोही निंबाळकरांची.

आणि तिसरी पिढी. सईबाईंची थोरली मुलगी सखुबाई दिली ती पुन्हा फलटणला, सईबाईंचे भाऊ बजाजी यांचा मुलगा महादजी याला. मामाच्या घरात. म्हणजे जावईही निंबाळकर. आजी, बायको, जावई. आपल्या बायोडेटातला ‘मामेकुळ’ नावाचा कॉलम कुठून आला असं कुणी विचारलं तर मी आता बिनदिक्कत फलटणकडं बोट दाखवणार.

आता गंमत बघा. गंमत म्हणण्यासारखी ती नाही खरं तर. सईबाई राजगडावर, स्वराज्याच्या ऐन धामधुमीत. आणि त्यांचे सख्खे भाऊ बजाजी विजापूरच्या आदिलशहाच्या चाकरीत. बहीण एका बाजूला, भाऊ दुसऱ्या. बजाजींना विजापूरला धर्म बदलावा लागला आणि पुढं त्यांना परत हिंदू धर्मात घेतलं गेलं, ही हकीकत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. १६५९ मध्ये अफझलखान चालून आला तेव्हा त्यानं याच बजाजींना कैद केलं आणि साठ हजार होनांची बोली करून त्यांना सोडवावं लागलं, असंही सांगतात. म्हणजे विजापूरची नोकरी करूनही विजापूरच्याच सरदाराच्या तावडीत. कारण मेहुणा कोण होता!

त्याच वर्षी ५ सप्टेंबरला सईबाई राजगडावर वारल्या. वय सव्वीसच्या आसपास. चार मुलं, त्यातले संभाजीराजे सव्वादोन वर्षांचे. दोन महिन्यांनी, १० नोव्हेंबरला, प्रतापगडाखाली अफझलखानाचा वध झाला.

सव्वीस. त्या वयात मी तिसरा जॉब सोडून फ्रीलान्सिंग करायचं ठरवलं होतं आणि आईबाबांना कसं सांगायचं याची आठवडाभर प्रॅक्टिस करत होते. इतिहासाच्या पुस्तकात आपण १० नोव्हेंबर पाठ करतो. ५ सप्टेंबर कुणी विचारत नाही, कारण ती तारीख ‘थोडक्यात उत्तरे लिहा’मध्ये येत नाही.

अप्रेझल, रेझिग्नेशन, ट्रान्सफर

आता माझ्या वाचकांच्या आवडीचा भाग. अठराव्या शतकातले निंबाळकर वाचताना मला सारखं वाटत होतं की हे सगळं मी कुठल्या तरी कॅन्टीनमध्ये ऐकलंय.

शाहू महाराजांच्या दरबारात हैबतराव निंबाळकर सरलष्कर होते. वजनदार पद. सेनापती चंद्रसेन जाधव बिथरले तेव्हा त्यांच्यावर शाहू महाराजांनी पाठवले ते हैबतराव. त्याच सुमाराला रंभाजी निंबाळकर मात्र चंद्रसेनांसारखेच शाहूंना सोडून निजामाकडं गेले. एकाच आडनावाचे दोघं, एक या कंपनीत आणि एक त्या.

पुढं हैबतराव वारले. ग्रँट डफ लिहितो की त्यांच्या मुलाला वाटत होतं, वडिलांचं पद आपल्याला मिळेल. मिळालं नाही. दुसऱ्यालाच दिलं. मुलगा चिडला, त्यानं नोकरी सोडली आणि निजामाकडं जॉइन झाला. तिथं त्याला बार्शीची जहागीर मिळाली. अप्रेझलमध्ये डावललेल्या माणसानं कॉम्पिटिटरकडं जाऊन चांगलं पॅकेज घेतल्याची याहून स्वच्छ केस स्टडी एमबीएच्या पुस्तकातही सापडणार नाही.

आणि रंभाजी? निजामाकडं त्यांना ‘रावरंभा’ हा किताब मिळाला. त्यांची जहागीर होती पुण्याच्या आसपास. म्हणजे आज तुम्ही जिथं पार्किंग शोधता, तिथं. मराठ्यांना पुण्याच्या उशाशी निजामाचा सरदार खपेना. मग निजामानं तडजोडीत रंभाजींना तिकडून उचललं आणि बदल्यात पूर्वेकडं करमाळ्याच्या बाजूला जहागीर दिली. पुण्याहून करमाळा! या ट्रान्सफरचं दुःख आमच्या सोलापूर जिल्ह्यात बदली होऊन आलेल्या कुठल्याही साहेबाला विचारा.

पण रावरंभांनी बदलीच्या गावी रडत दिवस काढले नाहीत. करमाळ्याचा भुईकोट किल्ला आणि कमलाभवानीचं देऊळ त्यांच्या घराण्यानं उभं केलं. देवळाचे खांब ९६ आणि तिथल्या बारवेच्या पायऱ्याही ९६, असं अभिमानानं सांगतात. माढ्यातला किल्ला आणि माढेश्वरीचं देऊळसुद्धा रावरंभांच्याच नावावर आहे. माढा म्हणजे आमच्या मोडनिंबचा तालुका, सातबारा आणायला जायचं गाव. तर मामांच्या निंबाळकरांचा माग असा अचानक घरापर्यंत आला. नावातल्या निंबानं नाही, बदलीच्या ऑर्डरनं.

निजामाच्या सरदारांतल्या निंबाळकरांनीच जामखेडजवळ खर्ड्याचा किल्ला बांधला, १७४० च्या दशकात. तिथंच मार्च १७९५ मध्ये मराठ्यांनी निजामाला हरवलं आणि निजामानं आसरा घेतला तो या निंबाळकरांच्या किल्ल्यात. तोपर्यंत फलटणचे निंबाळकर मात्र साताऱ्याच्या छत्रपतींच्या छायेत होते. कोण जिंकलं? दोन्ही वेळा, निंबाळकर हे आडनाव.

हे वाचून कुणाला ‘गद्दारी’ वगैरे शब्द सुचेल. मलाही पहिल्यांदा सुचला. पण जरा थांबून विचार केला. तेव्हा देश नावाची गोष्ट नव्हती, वतन नावाची होती. घराण्यातला एक माणूस इथं, एक तिथं, म्हणजे कुठलीही सत्ता आली तरी चूल पेटती राहणार. तुमचे वडील पगाराचे सगळे पैसे एकाच बँकेत ठेवत नाहीत ना? तसंच. फक्त इथं ठेवी पैशाच्या नव्हत्या, माणसांच्या होत्या. आणि त्यातल्या मुलींच्या ठेवी त्यांना न विचारता ठेवलेल्या होत्या.

गादीवर बसलेल्या बायका

मुली नुसत्या दिल्या नाहीत, आणल्याही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फलटणचा कारभार सगुणाबाईंनी चालवला. पुढच्या शतकात तर प्रसंग आणखी बाका होता. १८२५ साली साताऱ्याच्या महाराजांनी फलटण ताब्यात घेतलं, दोन वर्षांनी बनाजी नाईकांना परत दिलं आणि १८२८ मध्ये ते वारल्यावर पुन्हा घेतलं. गादीला वारस नाही. घराणं इथंच संपायचं.

संपू दिलं नाही ते साहेबजीबाईंनी. १८४१ मध्ये त्यांना दत्तक घ्यायची परवानगी मिळाली. म्हणजे तेरा वर्षं वाट बघणं आली. आज आपण एखाद्या अर्जाचं स्टेटस तेरा दिवस ‘पेंडिंग’ दिसलं तर ट्विटरवर जातो. त्यांनी दत्तक घेतलेला मुलगा म्हणजे मुधोजीराव. ते १८४१ ते १९१६, पंचाहत्तर वर्षं फलटणच्या गादीवर होते. राणी व्हिक्टोरियापेक्षा जास्त. १९०१ च्या जनगणनेत या संस्थानची लोकसंख्या होती ४५,७३९ आणि क्षेत्रफळ ३९७ चौरस मैल. आज पुण्यातल्या मोठ्या टाउनशिपा एकत्र केल्या तर लोक तेवढे सहज होतील. राजवाडा, कॉलेज, हायस्कूल, फलटणमध्ये जिकडंतिकडं नाव मुधोजी. साहेबजीबाई मला कुठल्या पाटीवर दिसल्या नाहीत.

१९४८ आणि पुढं

शेवटचे राजे मालोजीराव. १९४७ मध्ये सांगली, औंध, भोर, फलटण अशा आठ संस्थानिकांनी ‘संयुक्त दख्खन संस्थान’ करायचं ठरवलं होतं. आयडिया चांगली होती, वेळ निघून गेली होती. ८ मार्च १९४८ रोजी फलटण मुंबई प्रांतात विलीन झालं. बाकीचे काही राजे शिकारीचे फोटो बघत बसले. मालोजीरावांनी मात्र खादी घातली, काँग्रेसमध्ये गेले आणि मुंबई राज्याच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. दिल्लीचा बादशहा, निजामशहा, आदिलशहा, छत्रपती, इंग्रज आणि आता मतदार. कंपनी पुन्हा बदलली होती.

१९५५ च्या अखेरीस फलटणच्या राजवाड्यात काँग्रेसच्या कार्यकर्त्यांपुढं यशवंतराव चव्हाणांनी सांगितलं की संयुक्त महाराष्ट्र की नेहरू अशी निवड करायची वेळ आली तर मी नेहरूंच्या बाजूनं. त्या एका वाक्यावरून महाराष्ट्र पेटला. मला गंमत वाटली ती जागेची. ‘तुम्ही कुठल्या बाजूचे?’ हा प्रश्न सहाशे वर्षं ज्या घराच्या अंगणात पडत होता, तिथंच तो पुन्हा पडला.

१९४८ वरून आठवलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, पुणे क्लबच्या ग्राउंडवर आणखी एक निंबाळकर, भाऊसाहेब, महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध खेळत होते. ४४३ नाबाद. ब्रॅडमनचा ४५२ चा विश्वविक्रम फक्त नऊ धावा लांब. समोरच्या टीमचे कॅप्टन होते राजकोटचे ठाकोरसाहेब. ते म्हणाले, बास झालं, आम्ही मॅच सोडतो. आणि सोडली! भाऊसाहेब हे कोल्हापूरचे, फलटणच्या निंबाळकरांचे निदान आडनावबंधू. कधी टेस्ट खेळायला मिळाली नाही. संस्थानं मार्चमध्ये विलीन झाली, पण राजेशाहीचा इगो डिसेंबरपर्यंत विलीन झालेला नव्हता.

आणि अगदी अलीकडं या. रामराजे नाईक-निंबाळकर आमदार, मंत्री आणि २०१५ ते २०२२ विधान परिषदेचे सभापती. २००९ मध्ये नवा झालेला माढा लोकसभा मतदारसंघ असा आखला गेला की त्यात फलटणही आलं आणि आमचं मोडनिंबही. २०१९ मध्ये तिथून भाजपच्या तिकिटावर खासदार झाले रणजितसिंह नाईक-निंबाळकर. तेव्हा रामराजे होते राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये. आडनाव एक, बाजू दोन. हैबतराव आणि रंभाजींची आठवण आली ना? २०२४ मध्ये रणजितसिंह हरले, अकलूजचे धैर्यशील मोहिते-पाटील जिंकले. म्हणजे सातशे वर्षांत झालेला खरा बदल एवढाच : आता निंबाळकरांनी कुठं असावं, हे ठरवताना माझ्या आजीलाही विचारतात. ती बोटाला शाई लावून येते आणि कुणाला दिलं ते मामांनाही सांगत नाही.

माढ्याची

रविवारी दुपारी मोडनिंबला पोचले. गरम भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर कांदा. जेवण झाल्यावर मामांना सगळं सांगितलं. निंबळक, करमाळा, खर्डा, सगळं. मामा शांतपणे म्हणाले, ‘बघ, माढ्यात होते की नाही? मग! मी काय खोटं सांगतोय व्हय?’

मी आजीकडं वळले. ‘आज्जी, नक्की कुठून आलंय गं हे निंबाळकरांचं?’

आजी सुपारी कातरत होती. ‘माज्या सासऱ्यांची आई माढ्याची. वाड्याच्या अंगची, म्हनायचे लोक. वाड्याच्या अंगची म्हंजे निंबाळकरांची, असं करत करत झालं.’

‘नाव काय तिचं?’

आजीचा अडकित्ता थांबला. ‘सगळे माढ्याचीच म्हनायचे.’

‘माहेरचं आडनाव?’

‘माढ्याची,’ आजी पुन्हा म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, ‘आमाला कुनी सांगितलंच नाही. आमी पन इचारलं नाही.’

आमच्याकडं सासरी आलेल्या बाईला तिच्या गावावरून हाक मारायची पद्धत. अनगरची, वैरागची, माढ्याची. नाव देवघरातल्या टाकासारखं आत ठेवून द्यायचं आणि बाहेर गाव वापरायचं. पणजीच्याही सासूला, जिच्या जिवावर मामा सात आडनावांत पहिलं आडनाव लिहिणार होते, तिला स्वतःला नाव उरलेलं नव्हतं. तिनं बाळंतपणं केली असतील, दुष्काळ काढला असेल, जात्यावर बसून गायली असेल. त्यातलं काही राहिलं नाही. राहिला फक्त एक किल्ला, तोही तिचा नव्हे.

पिंकी माझ्या शेजारी बसून ऐकत होती. मुकाट उठली, लॅपटॉप आणला आणि बायोडेटा उघडला. ‘नातेसंबंध’मधलं पहिलं आडनाव सिलेक्ट केलं आणि डिलीट दाबलं. मामा म्हणाले, ‘अगं, असू दे की. समोरची पार्टी मोठी आहे.’

‘पप्पा, पार्टी मोठी असेल तर त्यांना कळेलच की निंबळक कुठंय ते.’

मामांना हसू आलं. हसू आलं की मामा हरतात, हे आम्हाला लहानपणापासून माहीत आहे.

मग तिनं एक ओळ नवीन टाकली. आईचं नाव, तिचं माहेर, तिचं शिक्षण. खाली आजीचं नाव. आजी म्हणाली, ‘माजं कशाला?’ पिंकी म्हणाली, ‘पूर्ण सांग. माहेरच्या आडनावासकट.’ आजीनं सांगितलं. मी तीस वर्षांची होत आले, माझ्या आईच्या आईचं माहेरचं पूर्ण नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. इतकं छान नाव आहे. पण ते इथं देणार नाही, ते पिंकीच्या बायोडेटावर आहे आणि तिथंच शोभतं.

घराण्याबद्दलच्या त्या वजनदार दोन ओळी मी लिहिल्या नाहीत. पिंकीनंच एक लिहिली, ‘चार पिढ्यांची माहिती आहे, पाचवीचा शोध सुरू आहे.’ मामांना ती पटलेली नाही. समोरच्या मोठ्या पार्टीकडून अजून फोन आलेला नाही. दुसऱ्या एका मुलाचा आलाय. त्यानं फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, ‘पाचवी पिढी सापडली का?’ पिंकी येत्या शनिवारी त्याला कॉफीला भेटणार आहे.

तुमचं घराणं स्पेन्सर नसेल, निंबाळकरही नसेल. बहुतेकांचं नसतंच. पण या वीकएंडला मॉलला जायच्या आधी घरी एक फोन करा. आजी असेल तर आजीला, नसेल तर आईला. लग्नाआधीचं पूर्ण नाव विचारा आणि मग तिच्या आईचं, आणि तिच्या आईच्या आईचं. तीनच्या पुढं गेलात तर मला कळवा. मी अजून माढ्याच्या वेशीवरच उभी आहे.